दगडूचं हेल्मेट आणि धोंडूचं डोकं

नेरळच्या मंगल कार्यालयात त्या रविवारी एवढी तान्ही बाळं जमली होती, की नवरदेवांची पुढची पिढी आगाऊ नोंदणीला आली आहे असं वाटावं. एक रडलं की बाकीची पाठिंबा देत होती. स्टेजवर चौरंग, चौरंगावर हार घातलेलं नारिंगी हेल्मेट. देव कुठे दिसत नव्हता. त्याच्या मापाचं मिळालं नसावं.

हेल्मेटमागे मस्तकशिल्पी जगदीशजी उभे होते. पूर्वी ते पनवेलला मोटरसायकलच्या सीटची कव्हरं शिवायचे. म्हणजे माणसाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे त्यांची प्रगती झाली होती.

"चपटं डोकं म्हणजे चपटं नशीब!" ते गरजले. "चपट्या डोक्यावरून गणित घसरतं! हे कवच बाळाला दिवसरात्र घाला. आतल्या तांब्याच्या पट्टीतून आकाशतत्त्व कवटीत उतरतं आणि कवटी गोल होते. सृष्टीत जे जे शुभ, ते ते गोल! सूर्य गोल, चंद्र गोल, मोदक..." मोदकाला टोक असतं हे त्यांना जरा उशिरा आठवलं. "...लाडू गोल!"

टाळ्या कडाडल्या.

माझी बहीण रुचिता पहिल्या रांगेत होती. तिला शेलूत दिलीय. तिला जुळे मुलगे. दृष्ट लागू नये म्हणून तिच्या सासूनं, अंबूबाईंनी, त्यांना दगडू आणि धोंडू म्हणायचं ठरवलं. दुजाभाव नको म्हणून दोघांना एकाच कापडाची झबली आणि तीटही एकाच जागी. दोघांची डोकीही मागून उजवीकडे सारखीच चपटी झाली, तेव्हा मात्र दोष एकट्या रुचिताताईला मिळाला. "आईनं मालीशच केली नाय नीट," असं शेजारणी आधी पाळण्यात आणि मग ताईकडे बघून म्हणायच्या.

ताईनं जगदीशजींचे पाय धरले. त्यांच्याकडे त्या मापाचं एकच हेल्मेट शिल्लक होतं, त्यामुळे शास्त्र असं निघालं की जुळ्यांचं तेज एकदम अडवू नये. आधी मोठा. दगडू काही मिनिटांनी मोठा, म्हणून भर उन्हाळ्यात हेल्मेट त्याच्या डोक्यावर चढलं. त्याच्या कानामागची कातडी सोलली. तो रडायचा, ताई त्याच्यासोबत रडायची, पण हेल्मेट काढायची नाही. आज धोंडूच्या डोक्याचं माप घेणार होते. मला ते थांबवायचं होतं. म्हणून मी कर्जतच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टर आसावरींना बोलावून आणलं होतं. त्या मागे उभ्या होत्या.

दारातच सगळी हेल्मेटं ऊर्जा भरायला काढून घेतली होती. मोबाईल चार्जिंगला लावतात तशी ती एका टेबलावर पडली होती. दगडू उघड्या डोक्यानं ताईच्या मांडीवर, धोंडू माझ्या.

"आता चमत्कार बघा! शेलूचे जुळे!" जगदीशजी म्हणाले. त्यांच्या माणसानं येऊन माझ्या मांडीवरून धोंडूला उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.

ताई उठायला लागली. "अरे नीलेश, तो तर..."

"बस गं ताई," मी तिचा पदर ओढला. "एवढा स्वस्त प्रयोग परत होणार नाय."

जगदीशजींनी धोंडूला उंच धरलं. "हे बघा डोकं! कवचाआधी चपटं, आता नारळ! आणि तो खाली आईच्या मांडीवर आहे ना, तो बिनकवचाचा. बघा बिचारा!"

"अरेरे!" अख्खा हॉल दगडूसाठी हळहळला, त्याचं डोकंही तितकंच गोल असताना.

तेवढ्यात डॉक्टर पुढे आल्या. त्यांनी दगडूचा कान अलगद पुढे केला. कानामागे पट्ट्याची लाल रेघ होती. "कवच यानं घातलं होतं," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातातल्यानं कधीच नाही."

अख्खा हॉल दगडूच्या कानाकडे बघायला लागला. बाळंसुद्धा. जगदीशजी मात्र विचलित झाले नाहीत. "जुळे आहेत! एकाची ऊर्जा दुसऱ्याला पोचली!"

मागून एक आजोबा उभे राहिले. "मंग शेलूत येकच हेल्मेट ठेवूया का? स्टेशनात टांगू. समद्या गावाला पोचंल."

हशा एवढा उसळला की मंडपवालाही आत डोकावला.

"मंग दोघांची डोकी सुधरली कशी वो, डॉक्टरीणबाय?" ताईशेजारी बसलेल्या तिच्या सासूनं, अंबूबाईंनी विचारलं.

"पाळणा कसा लावता?"

"डोकं उगवतीला. येका अंगाला भिंत, दुसऱ्या अंगाला टीव्ही."

"मग पोरं भिंत कशाला बघतील?"

"मालिका मी बगते! पोरांना काय कळतंय त्यातलं?"

"उजेड कळतो. रोज एकाच कुशीला मान वळवून पडली, म्हणून मऊ कवटी तिकडं बसली. पुढे उपडी पडायला लागली, बसायला लागली, दाब गेला, डोकं भरत आलं. दोघांचंही."

"मंग मावळतीला डोकं करायचं का?"

"आलटून पालटून करा. सूर्य रागावणार नाही. झोपवायचं मात्र उताणंच. जागी असली की तुमच्या नजरेखाली पोटावर खेळवा. यात आईचा काही गुन्हा नाही."

ताईनं मान खाली घातली. तिच्या डोळ्यांतलं पाणी दगडूच्या झबल्यावर पडलं.

"पण परदेशात मोठे डॉक्टर हेल्मेट देतात!" जगदीशजी ओरडले.

"देतात," डॉक्टर म्हणाल्या. "हेल्मेटनं सुधारलं असं सांगणारे अभ्यासही आहेत. पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत न घालणाऱ्या बाळांशी नीट तुलनाच नाही. नेदरलँड्समध्ये चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले, एकाला हेल्मेट, दुसऱ्याला काही नाही. बाळं दोन वर्षांची झाली तेव्हा दोन्ही गट जवळजवळ सारखेच निघाले. हेल्मेटवाल्यांना वर घाम, पुरळ, रडारड. अभ्यास छोटा होता, आणि फारच वाकडी डोकी त्यात नव्हती, त्यांच्याबद्दल अजून वाद आहे. कवटीचे सांधे लवकर जुळलेले असले किंवा मान एकीकडे आखडलेली असली, तर डॉक्टरकडे यायलाच हवं. आकाशतत्त्व मात्र कुठल्याच गटात आढळलं नाही."

एक माणूस माप घ्यायची टेप घेऊन धोंडूकडे निघाला होता. ताई उठली, स्टेजवर चढली आणि जगदीशजींच्या हातातून धोंडूला काढून घेतलं.

"याचं माप नाय घ्यायचं," ती म्हणाली. "आणि मोठ्याचं हेल्मेट परत नाय घालायचं."

"ताई, डोकं पुन्हा चपटं होईल हां!"

"होऊ दे. आतलं तरी शाबूत राहील."

लोकांनी आपापली बाळं उचलली. टेबलावरची हेल्मेटं कुणी मागितली नाहीत. जगदीशजींनी ती गोणीत भरली आणि ते मागच्या दारानं निघाले. पुढच्या रविवारी ते दुसऱ्या कुठल्या तरी गावात उभे राहतील याची मला खात्री आहे. डोकी सगळीकडे असतात.

म्हणून सांगतो. कुणी तुमच्यासमोर बरं झालेलं मूल उंच धरलं, तर टाळी वाजवायला हात उचलायच्या आधी एवढंच विचारा: ज्यांना हे काही दिलं नाही, त्यांचं काय झालं? उत्तर येईपर्यंत बाळाला आपल्याच मांडीवर ठेवा.