स्टुलावरची मास्तरीण

कॉलेजातल्या मैत्रिणी सुट्टीत लोळत पडल्या होत्या आणि ही शहाणी रुग्णालयाच्या कँटीनमध्ये, डुगडुगत्या स्टुलावर बसून दुसऱ्यांच्या हातांवर पाळत ठेवत होती. सार्वजनिक आरोग्याचा उन्हाळी प्रकल्प म्हणे. स्वयंपाकघरातली माणसं कधी हात धुतात, कधी नाही, याच्या कागदावर खुणा करायच्या. मध्ये चकार शब्द काढायचा नाही.

सुरुवातीला हिच्या धाकाने जो तो साबण घेऊन नळाशी उभा. ते आकडे पाहून प्रकल्पाच्या मॅडमनी नाक मुरडलं. "तुला बघून धुतायत गं. ते तुला विसरेपर्यंत बसून राहा."

मग ही बसून राहिली. वाफेने चष्मा धुरकट व्हायचा, पाठीचा पार भुगा व्हायचा. घरी आईने काही विचारलं तरी नुसतं हूं म्हणायची. सगळ्यात जिवाला खायची ती एकच गोष्ट. अहवालात कुणाचं नाव येणार नव्हतं, नुसतं कोणत्या कामाचं माणूस तेवढंच, पण कँटीनला स्वयंपाकीण होती एकटी मावशी, मग नाव हवंय कुणाला? अहवाल कँटीनच्या कंत्राटदाराकडेही जायचा होता आणि तो मावशीला काढायला निमित्तच शोधत होता.

आज मावशी कचऱ्याचा डबा रिकामा करून आली. नळाकडे ढुंकूनही न बघता तिने ताट वाढायला घेतलं.

"मास्तरीणबाई, दोन घास खाऊन घ्या. चेहरा बघा कसा उतरलाय."

मॅडम इतके दिवस वाट बघत होत्या ती 'नाही धुतले'ची फुली हीच. हिने पेन टेकवलंसुद्धा. पण हात काही पुढे सरेना.

"मावशी, हात धुवा ना."

झालं. इतक्या दिवसांच्या मुकाट बसण्यावर पाणी पडलं. आता मावशी पुन्हा सावध होणार, आणि मॅडम पुन्हा पहिल्यापासून बसायला लावणार.

मावशी ओशाळली. "अगं बाई, खरंच की. तू परकी होतीस तोवर आठवणीने धुवायचे बघ. आता घरचीच वाटतेस, म्हणून राहून गेलं."

तिने साबण लावून हात धुतले आणि दुसरं ताट वाढलं. हिला रडूच आलं, पण रडायचाही कंटाळा आला होता. हिने 'धुतले'च्या रकान्यात खूण केली. सांगितल्यावर धुतलेले, म्हणजे ती खूण खोटी आहे, हे हिला चांगलं ठाऊक होतं. मग कागद उलटा ठेवून ती जेवायला बसली.