पायासाठी ठेवलेलं लाकूड

होळी पेटायची वेळ झाली आन् पडवीत माझा ओंडका नाही! माझं तं काळीजच हाललं.

आमच्या मालकाचा, माझ्या नवऱ्याचा, पाय कापसाच्या जिनात मशिनीच्या पट्ट्यात सापडला होता. गोऱ्या डाक्टरानं गुडघ्याखालून कापला. दिवाळीले परसातलं झाड तोडलं तं सारे म्हणे, चुलीत घाला. मी साल काढून पाहिली. पिवळसर, उचलायले हलकं. अरे, हे तं शिवणीचं लाकूड! माझ्या माहेरी, मौद्याले, बैलाचं जू याचंच करत. मी म्हटलं, मालकाचा लाकडी पाय याचाच होईन. ओंडक्याच्या दोन्ही तोंडाले शेण लिंपलं, सावलीत ठेवलं, रोज उलटवलं. उन्हात तडकते ना! सुतार म्हणे, गुढीपाडवा झाला का आणा. मुकादम म्हणे, चालाले लागला का जिनात परत घेतो. मी किती खुश होती!

आमच्या महाल वस्तीत होळीचं लाकूड चोरलं तं कोनी चोर म्हणत नाही. आन् एकदा होळीवर चढलं का ते देवीचं, परत मागायचं नाही. मी पदर खोचला आन् धावली.

गवऱ्याच्या खाली माझंच शेण लिंपलेलं तोंड दिसलं. शेजारचा नत्थूजी पलिता घेऊन उभा होता.

"हात नका लावू वैनी. चढवलेलं काढलं तं गल्लीले दोष लागन."

"मुडदे हो! माझ्या मालकाचा पाय चोरता?"

नत्थूजीनं मान खाली घातली. "चोरलं नाही वैनी. तुमच्या चंपतरावनं सोताच देल्लं."

मालक समोरच्या ओट्यावर बसले होते. मी त्याईच्यापाशी गेली.

"काहून देल्लं हो?"

"पाय लागला का पुन्हा जिनात जा लागन," ते म्हणाले. "पट्ट्याचा आवाज आठवला तरी मले घाम फुटते. तू लाकूड वाळवून राहिली होती, अन् मी इकडं भेवानं मरून राहिलो होतो."

मले रडू आलं आन् रागही आला. माणूस घरात बसून भेते आन् मले पत्ता नाही! मी फिरली, गवऱ्या उपसल्या आन् ओंडका धरून ओढला. गल्ली ओरडली. नत्थूजीनं पलिता मागं घेतला.

"दोष लागला तं मले लागू द्या!" मी म्हटलं.

ओंडका मले एकटीले हालेना. मंग पाहते तं मालक कुबडीवर आले आन् त्याईनं दुसरं तोंड धरलं.

"पाय लागला तरी जिनात नाही जायचं," मी म्हटलं.

"मंग कुठं जाऊ?"

"पहिले घरी चला."