साखर किती?

मित्रांनो, जिन्याखालून येणारा हा ‘कुंई कुंई’ आवाज ऐकून दचकू नका. उंदीर वगैरे काही नाही, मीच आहे. मी एक जुनी चहाची ट्रॉली आहे. माझे पुढचे डावे चाक कुरकुरते, बाकी तब्येत ठणठणीत आहे.

माझा जन्म एका वर्कशॉपमध्ये झाला. तिथे दवाखान्यांसाठी लोखंडी खाटा बनत. एकदा थोड्या नळ्या उरल्या, तेव्हा तिथल्या वेल्डरने त्या वाया जाऊ नयेत म्हणून मला जोडले. तीन चाके एका जातीची मिळाली, चौथे एका मोडक्या स्ट्रेचरचे. तेच हे कुरकुरणारे. माझ्या सख्ख्या बहिणी आजही कुठल्या तरी दवाखान्यात आजारी माणसांना पाठीवर घेऊन उभ्या असतील. त्यामुळे मी स्वतःला निम्मी डॉक्टर समजते. कोणी मान्य करत नाही, ती गोष्ट वेगळी.

नशिबाने नोकरीही तशीच मिळाली. या इमारतीत जगभरच्या देशांचे प्रतिनिधी जमतात. साथी कशा थोपवायच्या, औषधे आणि लस कुणाला कशी पोचवायची, यावर ते बोलतात. बोलतात म्हणजे काय, भांडतात! पण भांडण फार सभ्य असते. ‘माननीय सदस्यांच्या मताचा मला अत्यंत आदर आहे’ असे कोणी म्हणाले, की समजावे, आता आदर संपला. ज्या शब्दावर एकमत होत नाही, तो मसुद्यात कंसात ठेवतात. भांडण मिटले की कंस काढतात. कधी कधी एखादा शब्द बिचारा वर्षभर कंसात कोंडलेला असतो.

मला ढकलण्याचे काम मावशींचे. सगळे त्यांना मावशीच म्हणत, अगदी अध्यक्षसुद्धा. कॉरिडॉरमधून आम्ही निघालो, की माझ्या चाकाची कुरकुर सभागृहात ऐकू जाई आणि आतले चढलेले आवाज खाली येत. मग सगळे माझ्याभोवती गोळा होत. समोर मंत्री असो, दुभाषी असो, की फरशी पुसणारा असो, मावशींनी ‘आपण कोण?’ असे कधी कुणाला विचारले नाही. त्या एकच विचारत, “साखर किती?”

आत एकमेकांचे तोंडही न पाहणारे दोघे माझ्या दोन बाजूंना उभे राहून एकाच डब्यातली बिस्किटे खात. बिस्किटे मऊ पडली आहेत, यावर तरी त्यांचे एकमत होई. तिथून पुढचे बोलणे निघे. एका अध्यक्षांनी तर निरोपाच्या भाषणात चक्क माझे आभार मानले होते. मी इतकी फुशारले, की पुढच्याच वळणावर चार कप आडवे केले.

मग मशीन आले. चकचकीत, निळ्या दिव्यांचे. गळ्यातले आयकार्ड त्याच्यासमोर धरायचे, की कप भरतो. मला जिन्याखाली ढकलले आणि माझ्या अंगावर जुने गालिचे रचले. मला फार वाईट वाटले. इतकी वर्षे राबले, आणि निरोपाला कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही!

पण मशीन फक्त प्रतिनिधींचीच कार्डे ओळखत होते. सफाईवाले, ड्रायव्हर, पहारेकरी आले की लाल दिवा लागे. मावशींना ते काही सहन होईना. एक दिवस त्यांनी पदर खोचला, गालिचे खाली ओढले, मला लख्ख पुसले आणि जिन्याखालीच आमचा संसार पुन्हा मांडला.

त्याच सुमाराला साथीच्या काळात लस कशी वाटायची, याचा करार ठरत होता. एका छोट्या देशाच्या प्रतिनिधी मूळच्या नर्स होत्या. मावशी त्यांना नर्सताई म्हणत. त्यांच्या गळ्यात कार्ड होते, तरी त्या चहा आमच्याकडेच पीत.

“मशीनचा चहा औषधासारखा लागतो,” त्या म्हणत, “आणि औषधांची चव मला पक्की ठाऊक आहे.”

नर्सताईंची सगळी धडपड एका शब्दासाठी चालली होती. मसुद्यात होते, ‘प्रत्येक नागरिकाला लस मिळेल.’ त्यांना हवे होते, ‘प्रत्येक व्यक्तीला.’

“एवढ्याशा शब्दासाठी एवढं भांडण?” मावशींनी विचारले.

“मावशी, आमच्या सीमेवर छावणी आहे. घरदार सोडून पळून आलेली माणसं आहेत तिथं. त्यांच्याकडे कागद कुठले असणार? मागच्या साथीत एक आई लेकीला घेऊन रांगेत उभी होती. खोक्यात लस होती. पण नागरिक नाही म्हणून साहेबांनी दोघींना रांगेतून बाहेर काढलं. पुढे पोरगी त्याच आजाराने पडली. वाचली, पण अजून धड चालत नाही.”

मावशींनी त्यांचा कप पुन्हा भरला.

समोरच्या बाजूला होते एका मोठ्या देशाचे प्रतिनिधी. मावशी त्यांना टायवाले काका म्हणत. माणूस वाईट नव्हता, धास्तावलेला होता. ‘कागदच नसतील तर कुणाला लस दिली आणि कुणाला नाही, हे कळणार कसे?’ हे त्यांचे पालुपद. शेवटी अध्यक्षांनी बजावले, “सुट्टीनंतरही एकमत झालं नाही, तर जुनाच शब्द कायम.” आणि चहाची सुट्टी झाली.

काका घाम पुसत बाहेर आले. बोलून बोलून घसा बसला होता. कोट आतल्या खुर्चीवर राहिला होता आणि कार्ड कोटाच्या खिशात. पहारेकऱ्याने नियमाप्रमाणे दाराला कुलूप लावले.

“कृपया ओळखपत्र दाखवा,” मशीन गोड आवाजात म्हणाले.

“अहो, मी प्रतिनिधी आहे!”

लाल दिवा. “कृपया ओळखपत्र दाखवा.”

काका पहारेकऱ्याकडे धावले. “जरा दार उघडा हो.”

“सुट्टीत कार्डाशिवाय आत सोडता येत नाही, साहेब.”

“पण कार्डच आत आहे!”

“म्हणूनच सोडता येत नाही, साहेब.”

काकांचा तोल सुटला. मशीनवर थाप मारून ते ओरडले, “कार्ड गेलं खड्ड्यात! मी माणूस आहे की नाही? घोटभर चहाच तर मागतोय!”

सगळा कॉरिडॉर वळून बघू लागला. नर्सताई माझ्या शेजारीच उभ्या होत्या. मावशींनी मला ढकलले. कुंई, कुंई. आम्ही थेट काकांसमोर जाऊन थांबलो.

“साखर किती?” मावशींनी विचारले.

काका बघतच राहिले. “तुम्हाला कार्ड नको?”

“ते कपात घालून ढवळू का? साखर सांगा, चहा निवतोय.”

“दोन चमचे,” काका हळूच म्हणाले.

पहिला घोट घेतल्यावर त्यांची नजर नर्सताईंवर गेली. मग कान लाल झाले. मग त्यांना हसू फुटले. “बोला ताई, बोला. आयतीच संधी आहे.”

“आधी घसा ओला होऊ दे तुमचा,” नर्सताई म्हणाल्या.

काकांनी अर्धा कप संपवला. “खरंच सांगा, कागद नसताना तुम्ही खूण कशी ठेवता?”

“लस दिली की बोटाला शाई लावतो. आठवडाभर जात नाही.”

“इतकं सोपं? मग आत का नाही सांगितलंत?”

“आत तुम्ही विचारलंत कुठं? आत आपण एकमेकांचा आदर करत होतो.”

काका इतके हसले की ठसका लागला. मग कोपऱ्यात जाऊन त्यांनी आपल्या देशात फोन लावला. बराच वेळ येरझाऱ्या चालल्या होत्या. तेवढ्यात घंटा झाली, दाराचे कुलूप निघाले आणि सगळे आत गेले.

मित्रांनो, मला सभागृहात प्रवेश नाही. मावशी माझा दांडा घट्ट धरून दाराबाहेर उभ्या होत्या. मग आतून टाळ्या ऐकू आल्या आणि नर्सताई अक्षरशः पळत बाहेर आल्या.

“मावशी, कंस निघाला! ‘प्रत्येक व्यक्तीला’ आलं! काकांनी पुढे ‘टप्प्याटप्प्याने’ घुसवलं, पण आलं!”

“टप्प्याटप्प्याने म्हणजे?” मावशींनी नाक मुरडले.

“म्हणजे वेळ लागेल. पण आता त्या पोरीला रांगेतून कोणी बाहेर काढणार नाही.” आणि बोलता बोलता त्या रडल्या. मावशीही रडल्या. मला रडता येत नाही, म्हणून मी कुरकुरले.

आता दिवसा मी पुन्हा कॉरिडॉरमधून फिरते आणि रात्री जिन्याखाली मुक्काम करते. मशीनही आहे बिचारे, त्याच्याशी माझे वैर नाही. परवा पहारेकरी तेलाची बाटली घेऊन आला, तर मावशींनी त्याला पिटाळले. म्हणाल्या, “हिचा आवाज ऐकूनच तर माणसं भांडायची थांबतात.”

माझी एकच विनंती आहे. जुन्या वस्तूंना अधूनमधून पुसत जा, त्यांनाही बरे वाटते. आणि कधी एखादा तहानलेला, आजारी, अनोळखी माणूस तुमच्या दाराशी आला, तर नावगाव, कागदपत्र सगळे सावकाश विचारा. आधी विचारा, साखर किती?