बाकाखालचा वास

चिमणीच्या नवऱ्याला सगळे साहेब म्हणत. नोकरीत ते खरोखरच साहेब होते. नोकरी संपली तरी तोरा काही उतरला नाही. निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेनं एक जुनी मोटारहोम घेतली. मागं पलंग, मधे शेगडी नि बेसिन, दाराशी एक लांब बाक. चिमणीनं एकच अट घातली, आईला बरोबर घ्यायचं. आईचा जन्म शिवणयंत्रापुढं गेला होता, कुठं म्हणून जाणं झालं नव्हतं. साहेब कबूल झाले आणि बाकावर गादी टाकून आईची सोय झाली.

वास सुरू झाला तो काही महिन्यांनी. नासक्या अंड्यांचा, घशात चिकटून बसणारा. गाडी तळावर लावून विजेला जोडली की हमखास यायचा. पहिल्याच दिवशी साहेबांनी नाकाला रुमाल लावला, खिडकी धाडकन उघडली आणि म्हणाले, "सासूबाईंनी तोफ डागली वाटतं!"

आई लाजेनं अर्धी झाली. चिमणी त्यांच्यावर डाफरली खरी, पण म्हातारं शरीर आहे, होत असेल, असं तिलाही वाटलंच.

मग तो साहेबांचा रोजचा विनोद होऊन बसला. आईनं अंडी सोडली, मग दूध, मग कोबी. शेवटी रात्रीचं जेवणच टाळायला लागली. थंडीतसुद्धा बाहेर खुर्ची टाकून बसायची. डोकं दुखतं म्हणायची. शेजारच्या गाडीतली माणसं चहाला आली की आई आपणहून उठून जायची. आईची पाठ फिरली की साहेब आवाज खाली आणून पाहुण्यांना कारण सांगायचे, आणि हसायचे.

पुढं गाडीतले दिवे मिणमिणायला लागले, पाण्याचा पंप आचके द्यायला लागला, फ्रिजमधलं दूध नासलं. चिमणीचा धाकटा भाऊ इलेक्ट्रिक गाड्या दुरुस्त करायचा. त्याच्या गावाजवळ मुक्काम पडला तेव्हा तिनं त्याला फोन लावला.

"जुन्या बॅटऱ्या काढून टाक ताई, लिथियमच्या बसवू," तो म्हणाला. "वजनाला निम्म्या, वरचेवर पाणी घालायची कटकट नाही. चार्जर तेवढा बदलावा लागेल."

"कशाला उगाच?" साहेब मधेच म्हणाले. "बसवायच्याच असतील तर माझा मी बसवीन. त्यात काय एवढं?"

पण भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी सामान घेऊन हजर झाला. त्यानं विजेची जोडणी काढली, आईची गादी उचलून बाहेर ठेवली आणि बाकाच्या कडांवरून बोट फिरवलं. कडांना सगळीकडून चिकटपट्टी लावलेली होती, चांगली कोरी करकरीत.

"ही कुणी लावली?"

"फटीतून वारा येतो," साहेब म्हणाले आणि सिगारेट प्यायला बाहेर पडले.

फळी निघाली तशी चिमणीनं तोंडावर पदर दाबला. वास नव्हे, लाटच आली अंगावर. खाली दोन बॅटऱ्या पोट फुगलेल्या जनावरासारख्या तटतटून बसल्या होत्या. टोकांवर हिरवट-पांढरी बुरशी चढावी तसा खार चढला होता. अ‍ॅसिड पाझरून लाकूड काळं पडलं होतं आणि बोट लावलं की लगदा होत होतं. वाफ बाहेर नेणारी नळी निखळून तशीच लोळत होती.

"ताई, यावर आई झोपायची?" भावाचा आवाज बदलला होता. "बिघडलेल्या बॅटऱ्या चार्ज होताना निघणारा हा वायू विषारी असतो. डोकं दुखेल नाही तर काय होईल!"

चिमणीची नजर कोपऱ्यात खिळली होती. तिथं बॅटरीत घालायच्या पाण्याचा डबा होता, निम्मा संपलेला. त्याच्यामागं गाडीत टांगायच्या सुवासिक पुड्यांची रास. लिंबाच्या, गुलाबाच्या. काही पार सुकलेल्या, वरची एक ओली. कुणीतरी हा बाक पुन्हा पुन्हा उघडत होतं, पाणी ओतत होतं, पुडी टाकत होतं, आणि चिकटपट्टी लावून त्यावर आईची गादी अंथरत होतं.

ती तशीच बाहेर गेली. साहेब सिगारेट विझवत होते.

"तुला माहीत होतं."

लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या तोंडून एकेरी निघालं. साहेबांनी आधी इकडंतिकडं पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना.

"अगं, सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, कसली भंगार गाडी गळ्यात बांधून घेतली. तुझ्या भावानं हसू केलं असतं माझं. आणि सासूबाईंची थट्टा करत होतो गं, थट्टासुद्धा कळत नाही का?"

त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यात थुंकीचा एक पांढरा ठिपका होता. बोलताना तो ताणला जात होता. चिमणीला तेवढाच दिसत राहिला. या तोंडाचं उष्टं आपण खाल्लंय, असं तिच्या मनात आलं. त्यांनी समजूत काढायला खांद्यावर हात ठेवला, तेव्हा अंगावर पाल पडावी तशी ती मागं सरली.

आई खुर्चीत बसून सगळं ऐकत होती. तिनं हळूच विचारलं, "म्हणजे, मी नव्हते?"

"नव्हतीस गं, आई."

आईनं पदर डोळ्यांना लावला. रडली नाही. नुसतंच म्हणाली, "मी रोज किती धुवायचे स्वतःला."

भावानं काम अर्धवट टाकलं नाही. सडकं लाकूड उपसलं, खाण्याचा सोडा टाकून पेटी घासली, नवी फळी ठोकली, लिथियमच्या बॅटऱ्या आणि चार्जर बसवला. दुपारी दिवे लख्ख पेटले. साहेब पंखा लावून, फ्रिज उघडून पाहत होते, जणू सगळं त्यांनीच केलं.

चिमणीनं आईची पेटी भरली, मग स्वतःची.

"माझ्यापायी संसार नको मोडूस," आई कळवळली.

"तुझ्यापायी नाही. मला त्यांच्याजवळ बसवत नाही आता."

"अगं, पण आता वास गेला ना!" साहेब दारातून ओरडले. ते खरंच बुचकळ्यात पडले होते आणि त्याचीच तिला जास्त किळस आली.

भावाच्या घरी तिनं दोघींचे कपडे गरम पाण्यात भिजवले. पाणी पिवळट निघालं. आई आत निवांत झोपली होती.

दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला. माफीची भाषा नव्हती. बॅटऱ्या एकदम झकास आहेत, रात्रभर पंखा चालला तरी उतरत नाहीत, असं कौतुकानं सांगत राहिले. मग म्हणाले, "कधी येतेस?"

"माझी शिलाईची टोपली राहिलीय तिथं," ती म्हणाली. "भाऊ येऊन घेऊन जाईल."