चुकलं हो

घड्याळजीच्या घरी पोपट आला तो चाचणीवर. पक्ष्यांच्या आश्रयघरातल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, सहा आठवडे ठेवून घ्या, मग मी येऊन बघेन. पाखरू रुळलं असेल तर तुमचं, नाहीतर परत नेईन. घड्याळजी मनात हसला होता. केसाएवढी स्प्रिंग बसवताना श्वास रोखून धरणारा माणूस तो, त्याला धीर कोण शिकवणार?

पोपट राखी रंगाचा, शेपटी लाल. छातीवरची पिसं त्यानं स्वतःच उपटून काढलेली, तिथं नुसती गुलाबी कातडी दिसायची. खायला द्यावं तर आधी तोंड फिरवायचा, दहादा आग्रह केला की उपकार केल्यासारखा एक दाणा उचलायचा. घड्याळजीच्या बायकोनं पहिल्याच दिवशी त्याचं नाव जावईबापू ठेवलं.

बाईंनी पद्धत घालून दिली होती. आधी काही दिवस पिंजऱ्याजवळ नुसतं बसायचं, रोखून बघायचं नाही. मग सूर्यफुलाचं बी दोन बोटांत धरून गजांशी हात स्थिर ठेवायचा. घेतलं तर ठीक, नाही घेतलं तर हात मागे, हट्ट नाही. बी घेऊ लागला की दार उघडून तळहात पुढे करायचा आणि दर वेळी एकच शब्द म्हणायचा. घड्याळजीनं शब्द निवडला, 'हातावर'.

त्यानं हे सगळं मन लावून केलं. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली, पिंजरा मेजापासून चार पावलांवर. डोळ्याला भिंग लावून काम करता करता तो पोपटाशी लोण्यासारख्या आवाजात बोलायचा. शेजारचा न्हावी एकदा दारात उभा राहून ऐकत होता. म्हणाला, "इतकी वर्षं शेजारी आहे, पण या आवाजाशी ओळख आजच झाली."

बायको हसली नाही. ती काचा पुसत होती, पुसत राहिली.

घड्याळजीचा दुसरा आवाजही त्याच खोलीत राहत होता. बायको त्याच्या हाताखाली काम करायची. डब्या लावणं, काचा पुसणं, मागेल तो चिमटा देणं. वय झालं तशी तिची बोटं आखडली होती, वस्तू सुटायच्या. डबी पडली, झाकण पडलं, की मान वर न करता घड्याळजी म्हणायचा, "हात आहेत का पाय?" ओरडून नव्हे. आपण ओरडणाऱ्यांतले नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. ती वाकून वेचायची आणि म्हणायची, "चुकलं हो." दिवसातून पाच वेळा, कधी दहा वेळा. भिंतीवरच्या घड्याळांची टिकटिक जशी त्या घरात कुणाला ऐकू येत नव्हती, तसंच तेही.

चौथ्या आठवड्यात जावईबापू बी घेऊ लागले. घड्याळजीनं दार उघडलं, तळहात पुढे केला आणि हळूच म्हणाला, "हातावर."

पोपट दांडीच्या टोकाला सरकला. पिसं अंगाशी चिकटवून अर्धा झाला आणि बायकी आवाजात म्हणाला, "चुकलं हो."

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. 'हात' म्हटलं की पाखरू आक्रसायचं आणि माफी मागायचं. आधीच्या मालकाचा त्याला मनस्वी राग आला. जो येईल त्या गिऱ्हाइकाला तो सांगू लागला, की त्या घरात कुणीतरी बाई रोज चूक कबूल करत असणार, तेव्हाच या मुक्या जिवाला ते पाठ झालं. असल्या माणसाला दारात उभं करू नये. न्हाव्यानंही हे ऐकलं. त्यानं मान डोलावली, पण बघत होता तो घड्याळजीच्या बायकोकडे.

सहावा आठवडा संपला तशा बाई आल्या. वही उघडून बसल्या. छातीवर पिसांचे कोंब फुटलेत, बी नीट घेतो, हे बघून त्या खूश झाल्या. मग घड्याळजीनं तळहात पुढे केला, पोपटानं आपलं वाक्य म्हटलं, आणि घड्याळजीनं आधीच्या मालकाची कथा ऐकवली. राक्षस हा शब्दही वापरला.

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"काका, त्या घरात आपली भाषा कुणालाच येत नव्हती. बोलायला मी दुभाषी घेऊन गेले होते. आणि आमच्याकडे होता तेव्हा तो एक शब्द बोलला नाही."

खोलीतली सगळी घड्याळं घड्याळजीला एकदम ऐकू आली. तो शेवटचा 'हो', जरा लांबलेला, खाली पडलेला, कुणाचा ते त्याला आत्ता कळलं. इतके दिवस त्यानं तो आवाज ओळखला नव्हता.

बायको पटकन पुढे झाली. "टीव्हीवर एक मालिका लागते, त्यातली सून सारखी तेच म्हणते. दिवसभर चालू असतो ना आमचा."

टीव्ही दोन वर्षं बंद पडलेला होता. कोपऱ्यात, फडक्याखाली. दुनियेच्या वस्तू दुरुस्त करणाऱ्या माणसाला त्याकडे बघायला सवड झाली नव्हती. बायको किती सहज खोटं बोलली, हे बघून घड्याळजीची मान खाली गेली. नव्यानं खोटं बोलणाऱ्याला हे जमत नाही. त्याची अब्रू तिनं याआधी किती जणांसमोर अशी झाकली असेल?

बाई पुन्हा लिहायला लागल्या होत्या. गप्प बसलं असतं तर निभावलं असतं. पोपट राहिला असता.

"टीव्ही बंद आहे," घड्याळजी म्हणाला. "आवाज हिचा आहे. मी टोचून बोलतो, ही तसं म्हणते. तो इथंच शिकला."

न्हावी नेमका दारात आला होता. तसाच मागे फिरला.

बाईंनी घड्याळजीला काही विचारलंच नाही. त्या बायकोकडे वळल्या. "काकू, ठेवू का नेऊ?"

तिनं ओल्या फडक्याला हात पुसले, वेळ घेतला. "राहू दे. पण शिकवणी मी घेईन. यांनी आपलं काम करत बसायचं आणि जीभ सांभाळायची."

"आणखी सहा आठवडे," बाई म्हणाल्या. "दोघांचंही बघेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोनं पिंजऱ्याचं दार उघडलं. एका हातात बियांची वाटी, दुसरा तळहात पुढे. घड्याळजी मेजाशी पाठमोरा बसला होता. वाटी सुटली. फरशीवर खणकन वाजली.

'हात' त्याच्या दातांपर्यंत आला. जित्याची खोड ती. त्यानं ओठ मिटले.

"चुकलं हो," मागून आवाज आला. पोपट की बायको, त्याला सांगता आलं नाही.

त्यानं डोळ्याचं भिंग काढलं. गुडघे टेकले आणि बिया वेचायला लागला. "नाही चुकलं," तो फरशीकडे बघत म्हणाला. शब्द त्या लोण्यासारख्या आवाजात बाहेर पडले, आणि त्याला जास्तच शरम वाटली. म्हणजे हा आवाज होता आपल्यापाशी. कधीपासूनच होता.

बराच वेळ बायको त्याच्या टकलाकडे बघत उभी राहिली.

"कपाटाखाली चार गेल्यात," शेवटी ती म्हणाली.

तो कपाटाकडे सरकला. दांडीच्या टोकावरून पोपट मान वाकडी करून दोघांकडे बघत होता. हातावर तो त्या दिवशीही आला नाही.