एकतिसावी पाटी

पाटी: "हो, हार मीच चोरला. मला क्षमा करा."

ही अजून लिहायची होती. काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने मूकपटाच्या पाट्या लिहिणं हे थोरलीचं काम. तीस हातासरशी झाल्या, एकतिसावीवर ब्रश अडला.

कारण तिने नुकतीच त्या प्रसंगाची फिल्मची पट्टी फिरवून पाहिली होती. चोरीचा आळ स्वतःवर घेणारी पडद्यावरची निरपराध मुलगी म्हणजे तिची धाकटी बहीण. दिग्दर्शकाने तिला सांगितलं होतं, काहीही बडबड, ओठ हलले म्हणजे झालं, तुझं ऐकतंय कोण? आणि महिनाभर घरात तोंडही न उघडलेल्या धाकटीने कॅमेऱ्यासमोर गुडघे टेकून सगळं सांगून टाकलं होतं.

बॉयलरवर घण मारून मारून बाबांचे कान गेले, तेव्हापासून ते ओठ वाचत आणि घरात दोघी बहिणी नुसत्या ओठांनी बोलत. भांडतसुद्धा. शेजारी म्हणत, काय गुणी मुली!

पाटी: "मालकांनी दार लावून घेतलं. मी नको नको म्हणत होते."

धाकटीच्या ओठांवरून वाचलेली ही पाटी थोरलीने लिहिली. शेजारी वाळत ठेवली. जिन्यात फिल्म कंपनीच्या मालकांचे बूट वाजले आणि तिने त्या पाटीवर काळा रंग फिरवला. एक हात, मग दुसरा हात.

मालक म्हणाले, अक्षर कसं मोत्यासारखं आहे.

घरी तिने धाकटीला समजावलं, कोणाला काही कळणार नाही बघ.

पहिल्या खेळाला धाकटी बाबांना हाताला धरून घेऊन आली. बाबांनी थिएटरची पायरी कधी चढली नव्हती; वाचता येत नाही, पाट्या काय कामाच्या? तिने त्यांना थोरलीच्या शेजारी, अगदी पुढे बसवलं.

धाकटीचा चेहरा पडदाभर झाला. ओठ हलले. मग एकतिसावी पाटी. लोक चुकचुकले, मागे कोणी म्हणालं, तोंडावरून वाटली नव्हती हो.

बाबा उभे राहिले होते. मागून ओरडा झाला, म्हातारबा, खाली बसा. त्यांना कुठलं ऐकू येतंय.

"थोरले," ते नेहमीसारखे मोठ्याने म्हणाले, "ती बोलली ते मला कळलं. तू पाटीवर काय लिहिलंस?"

पडद्याच्या उजेडात ते तिच्या ओठांकडे बघत राहिले. ओठ हलले नाहीत.