ब्लँकेटवरचा डाव

हेडलीने टेबलावर बायकोचं निळं ब्लँकेट पसरलं, चारही कोपरे तळव्याने सपाट केले आणि मगच डॉमिनोच्या सोंगट्या ओतल्या. ओतल्या कसल्या, एकेक करून ठेवल्या.

"हेडल्या, खेळायला आलायस का बाळाला झोपवायला?" त्याचा जोडीदार क्लोव्हिस म्हणाला.

"हळू बोल. पलीकडे वाचनालय आहे. खोली गेली तर पुन्हा तुझ्या स्वयंपाकघरात खेळायचं?"

इंग्लंडातल्या वुल्व्हरहॅम्प्टनमधला त्यांचा पब बंद पडल्यापासून त्यांच्या डॉमिनो मंडळाला जागा नव्हती. दोन वर्षं अर्ज-विनंत्या करून कॅरिबियन ज्येष्ठांसाठी ही खोली मिळाली होती, तीही तीन महिन्यांच्या बोलीवर. आज पालिकेच्या हॅटनबाई पाहणीला येणार होत्या. त्यांनी मान डोलावली तर खोली कायमची, नाहीतर इथे योगवर्ग.

आवाजाच्या बाबतीत हेडली भलताच भित्रा. अडतीस वर्षं त्याने बस चालवली, पण हॉर्न वाजवायचा म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. तरुणपणी जमैकाहून आला तेव्हा भाड्याच्या खोलीत जरा हसू फुटलं की शेजारीण झाडूच्या दांड्याने भिंत ठोकायची. तेव्हापासून तो चहासुद्धा चमचा कपाला न लावता ढवळायचा. आणि डॉमिनो तर आपटण्याचा खेळ! जिंकताना हातातली शेवटची सोंगटी अशी हाणायची की टेबलावरचे कप उडाले पाहिजेत. ब्लँकेट आल्यापासून चौघे म्हातारे जिंकत होते, हरत होते, आणि कुणालाच काही वाटत नव्हतं.

हॅटनबाई आल्या तेव्हा डाव ऐन रंगात होता, म्हणजे कुणीही हलत नव्हतं. बाई दारातच थबकल्या. चौघांच्या खाली घातलेल्या माना पाहून त्यांनी आवाज उतरवला.

"माफ करा हं. कोणी गेलं का?"

"नाही हो," हेडली कुजबुजला. "खेळतोय."

बाई पाच मिनिटं उभ्या राहिल्या. मग कागदावर काहीतरी लिहू लागल्या.

"खरं सांगू? खोली अगदी स्वच्छ ठेवलीय तुम्ही. पण ही जागा तुमच्या लोकांनी मोकळेपणाने जमावं म्हणून आहे. इथे तर... एवढ्यासाठी वरच्या मजल्यावरची छोटी खोली पुरेल. प्रार्थनेची."

क्लोव्हिसने हातातल्या सोंगट्या खाली ठेवल्या.

"घे! काळ्या माणसांना हक्काची जागा हवी म्हणून दोन वर्षं भांडलो. मिळाली, तर तिथेही तू आम्हाला पाहुण्यासारखं बसवलंस!"

क्लोव्हिसचं खरं होतं, हे हेडलीला कळत होतं. त्याच्या हातात एकच सोंगटी उरली होती, दोन्ही बाजूंना सहा-सहा ठिपक्यांची. टेबलावरची जुळवलेल्या सोंगट्यांची रांग वाढत ब्लँकेटच्या कडेला आली होती आणि पुढे उघडं लाकूड होतं. एरवी त्याने ब्लँकेट पुढे ओढलं असतं.

तो उभा राहिला. हात खांद्याच्याही वर गेला.

त्या आवाजाने हॅटनबाईंचं पेन उडून खुर्चीखाली गेलं. क्लोव्हिसने खुर्ची उलटवून आरोळी ठोकली, हरलेले दोघे एकमेकांच्या नावाने शंख करू लागले आणि आतल्या स्वयंपाकघरातून हेडलीची बायको मर्लीन डंपलिंग तळायचा झारा घेऊन धावत आली.

"कोण पडलं?"

तेवढ्यात पलीकडून भिंत ठोकली गेली. तीनदा.

सगळे हेडलीकडे पाहू लागले. त्याचा हात आपसूक ब्लँकेटकडे गेला होता. क्षणभर तो तिथेच थांबला. मग हेडलीने ब्लँकेट ओढलं, तशा सगळ्या सोंगट्या टेबलावर खडखडल्या.

"भिंत कशाला बडवता?" त्याने छाती भरून हाक दिली. "दार उघडंच आहे! खेळायचं तर या!"

मर्लीनने त्याचा एवढा मोठा आवाज लग्नानंतर ऐकला नव्हता.

हॅटनबाई पेन शोधून उठल्या. 'खोलीचा वापर' या रकान्यातलं त्यांनी आधीचं खोडलं आणि तिथे 'भरपूर' असं लिहिलं. मग पुढची पाहणी बाकी असूनही त्या खुर्ची ओढून बसल्या.

हेडलीने ब्लँकेटची घडी करून बायकोच्या हातात दिली.

"हे घरी घेऊन जा."

"घरी?" मर्लीन म्हणाली. "आता घरी तरी आवाजावर ते कशाला पांघरायचं?"